तिपाईवरचा कप

थोरलीने स्टूल ओढलं नाही, उचलून दाराशी नेलं. त्यावर चढून तिने बेलमधले सेल काढले आणि गाऊनच्या खिशात टाकले. उतरताना उजवी टाच जमिनीला टेकली, तशी पोटरीपर्यंत कळ गेली. तिने ओठ दाबून धरले. आज आवाज काढायचा दिवस नव्हता. धाकटीचं डोकं दुखत होतं.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर दिव्यांच्या झगझगाटात उभं राहून लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवायच्या, आणि मग मधूनच कधीतरी तिची अर्धशिशी उठायची. ती उठली की सगळं घर रजईत गुंडाळल्यासारखं व्हायचं. कुकर शिट्टीला आला की धावत जाऊन गॅस बंद करायचा. चमचे ओट्यावर नाही, फडक्यावर ठेवायचे. थोरलीचा नवरा एरवी दार आपटल्याशिवाय घरात शिरत नसे, तो चपला हातात घेऊन मांजराच्या पावलांनी आत यायचा. धाकटीचा नवरा फिरतीवर असायचा, तर तो फोनवरसुद्धा कुजबुजायचा.

सगळ्यात मोठा चमत्कार सासूबाईंचा. एरवी त्यांचं तोंड फक्त झोपेत बंद व्हायचं, तेही पूर्ण नाही. पण धाकटीच्या डोकेदुखीत त्या हातांनी बोलायच्या. चिमूट दाखवली की मीठ, कानाशी मूठ नेली की फोन. साखरेच्या डब्याचं झाकण कोणी उघडं टाकलं, हे खुणेने विचारताना मात्र त्यांचे हात इतके जोरात हलायचे की बांगड्या वाजायच्या. मग त्या स्वतःच दचकून बांगड्या कोपराकडे सरकवायच्या आणि थोरलीकडे रागाने बघायच्या, जणू तिनेच वाजवल्या.

थोरलीचं शिलाई मशीन अशा दिवशी चादरीखाली जायचं. कोणाचे पडदे, कोणाच्या पँटची उंची, शाळा उघडायच्या आधी गणवेशांचा ढीग, सगळं जागच्या जागी पडून राहायचं. गिऱ्हाइकं तोंड वाकडं करायची, आणि थोरली दारात उभी राहून खालच्या आवाजात सांगायची, "उद्या नक्की देते. घरात जरा बरं नाहीये."

कोणाला बरं नाहीये, हे कोणी विचारायचं नाही. थोरलीला असेल असं तर कोणाच्या स्वप्नातही येत नसे.

जावेच्या दागिन्यांवर जळणाऱ्या बायका असतात, रूपावर जळणाऱ्या असतात. थोरली जावेच्या डोकेदुखीवर जळायची. हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. धाकटीचं डोकं दुखायचं आणि हिच्या पोटात दुखायचं. गेले कित्येक महिने पायडल मारून मारून तिची टाच ठणकत होती. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना भिंत धरावी लागायची. नवऱ्याला सांगितलं, तर तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "चप्पल बदल." सासूबाईंना सांगितलं, तर त्या कौतुकानेच म्हणाल्या, "तुला काय होतंय गं! तू लोखंडाची आहेस." थोरलीला एकदा चांगला सणसणून ताप आला होता. तेव्हा नवरा पलंगापाशी आला, कपाळावर हात ठेवला आणि काळजीने विचारलं, "मग जेवणाचं काय?"

तिने चहा केला. कपात ओतला, कपाखालची बशी काढून ठेवली, कारण बशी वाजते. अंधाऱ्या खोलीचं दार तिने खांद्याने ढकललं.

त्या खोलीत जायचं ते फक्त थोरलीने. असं कोणी ठरवलं नव्हतं, पण बाकीचे घाबरायचे. आपल्या पायाने काहीतरी अडखळेल, आपण खोकू, शिंकू, आणि मग आपल्यामुळे तिचं वाढलं असं होईल, म्हणून ते दारापाशी येऊन परत फिरायचे. खिडकीवरचा जाड पडदा थोरलीनेच शिवलेला होता, मागून काळं अस्तर लावून. त्या पडद्याआड धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

पलंगाशेजारी छोटी तिपाई होती. थोरलीने कप तिच्यावर ठेवला.

ठक्.

पांघरुणाखाली धाकटीचे खांदे आक्रसले. तेवढं पाहून थोरलीच्या जिवाला थोडं बरं वाटलं. हा तिचा दर वेळचा नेम होता. फार जोरात नाही, कोणी आळ घेऊ शकेल इतका तर मुळीच नाही. हातातून जरा लवकर सुटला म्हणावं, एवढाच. त्या चिडीचूप घरात तेवढा एकच आवाज तिचा स्वतःचा होता.

"आलात ताई?" धाकटी भिंतीकडेच बघत म्हणाली.

"हं. गरम आहे तोवर घे."

आणि ती लंगडत बाहेर आली. तिचं लंगडणं कोणी पाहिलं नाही. बाहेर सासूबाई कपाळाला हात लावून, भुवया उंचावून, धाकटी कशी आहे ते विचारत होत्या.

गणवेशांचं प्रकरण त्यानंतरचं. धाकटीच्या त्या एका दिवसापायी गणवेश रखडले, आणि शाळेच्या बाईंनी भर जिन्यात थोरलीला चार शब्द सुनावले. थोरलीने ऐकून घेतलं. मग ते राहिलेलं काम पुरं करायला ती इतकी बसली की सुटीच्या दिवशी सकाळी टाच जमिनीला लावणंही जिवावर आलं. नाश्त्याला सगळे बसले होते.

"आज टाच फारच ठणकतेय," ती म्हणाली.

नवऱ्याने चहाचा कप पुढे केला, भरून हवा म्हणून. सासूबाई धाकटीच्या तोंडाकडे निरखून बघत होत्या.

"चेहरा उतरलाय गं तुझा. परत उठणार नाही ना?"

"नाही आई, बरी आहे मी," धाकटी म्हणाली.

"नीट झोप काढ. दुकानातले ते दिवे मेले…"

थोरलीने चहाचं भांडं खाली ठेवलं. आपला हात कपाळाकडे कधी गेला ते तिला कळलं नाही. कळलं तेव्हा तो तिथे होता, आणि आता काढून घेणं बरं दिसलं नसतं.

"माझं डोकं दुखतंय," ती म्हणाली. "अर्धंच. डावीकडचं."

आणि काय आश्चर्य! टाचेने महिनोन्‌महिने जे केलं नव्हतं, ते त्या दोन शब्दांनी केलं. सासूबाईंचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. नवऱ्याने पेपरची घडी घातली, तीही हलक्या हाताने. उठून त्याने स्वतः स्टूल उचललं, दाराशी नेलं आणि बेलचे सेल काढले. थोरली बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्यासाठी स्टुलावर चढलेला नवरा ती पहिल्यांदा बघत होती.

"माझ्या खोलीत चला ताई," धाकटी म्हणाली. "तिकडे पडदा आहे."

आपण शिवलेल्या पडद्याआड थोरली पहिल्यांदाच आडवी झाली. अंधार छान गार होता. उशीला धाकटीच्या तेलाचा वास होता. बाहेर कोणीतरी पाणी प्यायलं आणि ग्लास फडक्यावर ठेवला. तिने ते फडकं कानांनी ओळखलं. 'माझ्यासाठी,' तिला वाटलं, आणि गुदगुल्या झाल्यासारखं हसू आलं. ते तिने उशीत दाबलं.

हे सुख बराच वेळ टिकलं. मग तिला चहाची तलफ आली.

तिने वाट पाहिली. पावलं दारापर्यंत आली. सासूबाईंची असावीत, कारण बांगड्या किणकिणल्या आणि लगेच गप्प झाल्या. पावलं परत गेली. नंतर नवऱ्याची आली. दाराच्या फटीतला उजेड त्याच्या सावलीने थोडा अडला. तो उभा राहिला, उभाच राहिला, आणि त्याच सावधपणे निघून गेला. "झोपलीय वाटतं," तो पलीकडे पुटपुटला. "असू दे, असू दे," असं सासूबाईंचं कुजबुजणं आलं.

मी झोपले नाहीये, असं ओरडून सांगावंसं थोरलीला वाटलं. पण अर्धशिशी उठलेलं माणूस ओरडत नाही.

हळूहळू तिच्या ध्यानात आलं की कोणीच येणार नाही. या खोलीत चहा घेऊन यायचं काम ज्या बाईचं होतं, ती बाई आज इथे आडवी पडली होती. बाहेर भांड्याचा आवाज नाही, बोलण्याचा नाही, बेल नाही. आपण नसताना हे घर कसं चालतंय तेही ऐकू येत नव्हतं. इतक्या शांततेत तिची टाच ठणठण ठणकत होती आणि ती पडद्याचं अस्तर बघत होती. यावर आपण एवढं जळत होतो? तिला स्वतःचा राग आला. आणि मग दुप्पट राग धाकटीचा आला, की हिने हे कधी सांगितलं कसं नाही.

दुपार कलली असेल. दार उघडलं. धाकटी चहा घेऊन आली होती.

"ताई, जाग्या आहात?"

"हं."

"कुठे ठणकतंय?"

"इथे," थोरली म्हणाली, आणि उजव्या कानशिलावर बोट ठेवलं.

बोलून झाल्यावर तिला सकाळचं डावं आठवलं. तिने डोळे मिटून घेतले. चहाची वाफ नाकापर्यंत येत होती. कप हातातच धरून धाकटी पलंगाच्या पायथ्याशी बसली. मग तिने दुसऱ्या हाताने पांघरूण सरकवलं आणि थोरलीची उजवी टाच आपल्या मांडीवर घेतली.

"इथे ना?" ती म्हणाली, आणि अंगठ्याने दाबलं.

बरोबर तीच जागा होती. थोरलीच्या तोंडून "आई गं" निघालं, मोठ्याने. बाहेर सगळं घर श्वास रोखून थांबल्याचं दोघींना जाणवलं.

"तुम्ही चहा घेऊन यायचात ना, तेव्हा तुमचं पाऊल ऐकू यायचं मला," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "एक नीट, एक ओढत. विचारेन म्हणायचे. उठले की विसरायचे. माझंच चुकलं."

अंगठा गोल गोल फिरत होता.

"इथे पडलं ना ताई, की जीव घाबरा होतो. सगळे इतके गप्प असतात. वाटतं, आपण गेलोच बहुतेक, आणि हे लोक बसलेत बाहेर. मग तुम्ही यायचात. तुमचा कप वाजायचा."

थोरलीचा पाय आखडला.

"डोक्यात घण बसायचा त्याने, खोटं कशाला सांगू," धाकटी म्हणाली. "पण तेवढं एकच कोणीतरी माझ्याजवळ येऊन काहीतरी वाजवायचं. मी वाट बघत पडायचे."

एवढं बोलून तिने हात लांब केला आणि कप तिपाईवर ठेवला. ठक्. थोरलीने वाजवला असता अगदी तेवढाच.

"गरम आहे तोवर घ्या," ती म्हणाली, आणि पांघरूण पायावर नीट घालून निघून गेली.

थोरली चहाकडे बघत पडून राहिली. तिला रडू येत होतं, आणि त्याच वेळी अंगाचा तिळपापडही होत होता. धाकटीला सगळं कळलं होतं की काहीच कळलं नव्हतं? आणि कळलं असलं तरी बोलून दाखवायची ही काय पद्धत? एवढ्या मोठ्या घरात तिची स्वतःची म्हणून इवलीशी दुष्टाई होती. तीही हिने माया समजून घेऊन टाकली. आता आपलं म्हणायला तेवढंही हातात राहिलं नव्हतं, आणि हिच्या या मोठ्या मनाचाही हेवाच वाटत होता. चहात साखर कमी होती. तिने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

नंतरच्या दिवसांत नवऱ्याने मऊ तळव्यांच्या चपला आणल्या. धाकटीने सांगितलं म्हणून आणल्या, हेही त्याने सांगून टाकलं. सासूबाई थोरलीला विचारू लागल्या, "डोकं कसं आहे गं?" टाचेचं त्यांच्या अजूनही लक्षात राहत नव्हतं.

पुढे एका सकाळी धाकटी दुकानातून अर्ध्यातच परत आली, डोळ्यांवर हात धरून. सेल निघाले. चमचे फडक्यावर गेले. सासूबाईंनी बांगड्या कोपराकडे सरकवल्या. थोरलीने अर्धवट गणवेशासकट मशीन चादरीखाली घातलं, चहा केला, बशी काढून ठेवली आणि खांद्याने दार ढकललं.

धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. पांघरूण मानेपर्यंत, खांदे आधीच आवळून धरलेले. आवाजासाठी तयार होऊन पडली होती ती.

थोरलीचा हात तिपाईच्या वर थांबला. हळू ठेवला असता तर हिला वाटलं असतं की कोणी आलंच नाही. वाजवला असता तर दुखलं असतं. आणि आता तो मुद्दाम वाजवावा इतका राग मनात शोधूनही सापडेना. थोडा सापडला, पण तो पुरेसा नव्हता. कप हातात तिरका झाला होता, चहा काठापर्यंत आला होता.

तिने तो ठेवला. ठक्.

"आलात ताई?"

"आलेय," थोरली म्हणाली.

मग बाहेर जायला वळली आणि गेली नाही. टाच ठणकतेय म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि पलंगाच्या कडेला बसली.