काळ्या लाकडाची पाचर

मिस्त्रींनी पटाशीवर हातोडीचा हलका ठोका दिला, तशी बॅटच्या टोकातली पाचर अख्खीच्या अख्खी निघून हातात आली. ती काळी होती.

"आता हे काय नवीन!" ते स्वतःशीच म्हणाले.

बॅट कोचबाईंची, टोक पुन्हा चिरलं म्हणून आलेली. मुलींची टीम शिकवणाऱ्या या बाई टीमच्या सगळ्या बॅटी वर्षानुवर्षं याच दुकानात आणत. टोक चिरलं की तिथे आडवी खाच पाडायची आणि खाचेत कडक लाकडाची पट्टी गोंद लावून ठोकायची, म्हणजे जमिनीवर आपटून आपटून बॅट फाटत नाही. हीच ती पाचर. वरून रबर चिकटवलं की काम कुणाला दिसतही नाही. या बॅटला गेल्या मोसमात मिस्त्रींनी स्वतः पाचर बसवली होती, आणि ती पांढऱ्या लाकडाची. काळं लाकूड त्यांच्या दुकानात कधी आलंच नव्हतं.

त्यांनी पट्टी उजेडात धरून फिरवली. एक कोपरा कानशीने गोल केलेला! "जास्तीच्या गोंदाला पळायला वाट ठेवा रे, नाहीतर तो पाचरीलाच बाहेर ढकलेल," असं वडील शिकवायचे. ही खुबी आता दोघांनाच ठाऊक होती. एक मिस्त्री. दुसरा धाकटा भाऊ, ज्याने वाटण्या झाल्यावर याच रस्त्याच्या पुढच्या वळणावर स्वतःचं दुकान थाटलं. "सख्ख्या भावाने माझ्या धंद्यात पाचर मारली," असं मिस्त्रींनी तेव्हा रस्ताभर सांगितलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. तो कशाला हात लावतोय आपल्या कामाला? छे! मग काम आपलंच. पण केलं कधी?

दुकानामागेच घर. त्यांनी आत हाक मारली.

"अगं, काळं लाकूड आणलं होतं का मी कधी?"

"मला काय विचारता? चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधता, लाकूड कुठलं लक्षात राहायला!"

"पण मी पांढरी बसवली होती."

"बसवली असेल."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे नसेलही. जेवून घ्या, गार होतंय."

एरवी ते हसले असते. आज ताट अर्ध्यावरच सारलं. वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी हत्यारं कुठे ठेवली ते विसरायचे, मग काम केलं की नाही ते, आणि शेवटी तर मिस्त्रींनाच "आपण कोण?" म्हणून विचारलं होतं. तोंड न धुताच ते दुकानात आले. टीमच्या आणखी दोन बॅटी नुसत्या मुठीचं रबर बदलायला आल्या होत्या. त्यांनी दोन्हींच्या टोकांची रबरं सोलून काढली. एक पांढरी. दुसरी काळी. मिस्त्रींनी पटाशी खाली ठेवली. घाबरले होते, दुसरं काही नाही.

संध्याकाळी कोचबाई आल्या तेव्हा तिन्ही बॅटी दोरीने बांधून तयार होत्या.

"झाल्या?"

"नाही. परत न्या. दुकान बंद करतोय मी."

"अहो, काय झालं काय?"

"माझं डोकं चालेनासं झालंय, बाई." त्यांनी काळी पट्टी पुढे केली. "ही मी बसवली आणि मला आठवत नाही. वडिलांसारखंच. उद्या कुणाची बॅट कुणाला देऊन बसेन."

बाईंनी पट्टी हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली.

"सांगणार नाही असा शब्द दिला होता मी," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आता सांगायलाच हवं. मिस्त्री, तुम्ही पांढरीच बसवली होती."

"मग?"

"पहिल्याच सामन्यात ती हलायला लागली. दुसऱ्या बॅटचंही तेच. तुम्हाला सांगायचा धीर होईना. पुढच्या वळणावर नेल्या."

"त्याच्याकडे?"

"हो. त्यांनी पाचर बदलली, वर तुमचंच रबर परत लावलं. मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी थेट तुमच्याकडेच आणते. तर केवढे चिडले! म्हणाले, आधी दादाकडेच न्यायच्या. ते जमत नसेल तर माझी पायरी चढू नका. आणि दादाला यातलं अक्षर कळता कामा नये."

मिस्त्रींनी पट्टी परत घेतली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे डोकं..."

"डोकं अगदी शाबूत आहे तुमचं."

त्यांना इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. मग नजर खाली गेली. उजवा हात टेबलावर होता, आणि बोटांखालचा पॉलिश पेपर बारीक कुरकुरत होता. त्यांनी डावा हात त्यावर दाबून धरला. तोही थरथरत होता.

बायको चहा घेऊन आली, कप ठेवले आणि न बोलता आत गेली. तिला माहीत होतं का, हे त्यांनी विचारलं नाही.

"बसा पाच मिनिटं," ते बाईंना म्हणाले.

त्यांनी दोरी सोडली. पांढऱ्या लाकडाची पट्टी कापली, कोपरा गोल केला, गोंद लावला आणि खाचेत ठोकली. दोन ठोके पट्टीवर बसले, तिसरा टेबलावर. टोक दिव्यासमोर धरलं. एका बाजूला केसाएवढी फट दिसत होती. त्यांनी ती नीट पाहून घेतली आणि बॅट बाईंच्या हातात दिली.

"रबर नाही लावलंत?"

"राहू दे. जाता जाता पुढच्या वळणावर दाखवा. पाचर नीट बसलीय का बघ म्हणावं."

बाईंनी बॅट काखेत धरली. पायरी उतरताना थबकल्या.

"तुम्हाला कळलंय, हे त्यांना..."

"दादाने पाठवलंय म्हणून सांगा," मिस्त्री म्हणाले.