न मोजलेला श्वास

शंभरावा रुग्ण तपासून झाला होता आणि डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं. शंभर तपासण्यांवर त्यांची एवढी एक सही झाली की पुढच्या महिन्यापासून मला माझी तपासणीची खोली मिळणार होती. स्वतः तपासायचं, स्वतः औषध लिहून द्यायचं, पाठीमागे कोणी उभं राहणार नाही.

इथवर यायला अकरा वर्षं लागली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटले होते. तिसाव्या वर्षी नर्सिंगला जाते म्हटल्यावर आईने कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, "शेवटी थर्मामीटरच झटकायचा होता, तर दहावीलाच सांगायचंस. गणिताच्या शिकवणीला तरी पाठवलं नसतं." मला राग आला. पण बाटल्यांशी बोलून मी कंटाळले होते, हे त्यांना कसं सांगणार? बाटली कधी 'आता बरं वाटतंय' म्हणत नाही.

प्रयोगशाळेतली एक खोड मात्र सोबत आली. न पाहिलेला आकडा मी लिहीत नसे. वॉर्डात बघते तर मिनिटाला किती श्वास, त्या रकान्यात सगळे अठरा. तरणा असो की म्हातारा, अठरा! श्वास मोजतेय असं सांगितलं की माणूस मुद्दाम श्वास घ्यायला लागतो, म्हणून मी नाडी बघायच्या निमित्ताने मनगट धरायची, नजर छातीवर ठेवायची आणि अख्खं मिनिट मोजायची.

"तुझी मोजणी संपेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल गं," हेडसिस्टर म्हणायच्या. मी ऐकून घ्यायची आणि मोजत राहायची.

पुढे हात बसला. नर्सला स्वतः रुग्ण तपासता यावेत म्हणून असलेला वरचा कोर्स घेतला तोवर तर इतका बसला की डोकं लागेनासं झालं.

"नोंदी छान असतात तुमच्या," सहीआधी शंभरावी नोंद वाचत डॉक्टरबाई म्हणाल्या. "शिंपीकाका. खोकला, ताप नाही, श्वास अठरा..."

तो अठरा मी मोजलाच नव्हता. बाहेर गर्दी, काका गप्पिष्ट, आणि हाताने आपला आकडा लिहून टाकला होता. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"बाई, थांबा. श्वास मी मोजला नाहीये. अंदाजाने लिहिलाय."

बाईंनी टोपण लावलं. "मग इथे काय करताय? जा आधी!"

काका औषधांच्या रांगेतच होते. मी त्यांना बाकावर बसवलं, मनगट धरलं. अठ्ठावीस. पुन्हा मोजलं. अठ्ठावीसच. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया दिसला. म्हातारपणी ताप न येताही होतो तो. दुपारपर्यंत काका वॉर्डात होते आणि सलाइनमधून औषध सुरू झालं होतं.

"सांगितलंत ते चांगलं केलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण सही आज नाही. आणखी वीस रुग्ण, माझ्यासमोर."

मी "हो" म्हटलं आणि चादरींच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही नव्हतं. लाज वाटत होती, आणि खोली गेल्याचं वाईटही वाटत होतं, कशाला खोटं सांगू?

संध्याकाळी काकांपाशी गेले. ते हात जोडायलाच लागले. "देवासारख्या आलात. रांगेतून काढलंत म्हणून, नाहीतर मी घरी जाऊन झोपलो असतो."

तेवढं कौतुक घेऊन निघता आलं असतं. मी स्टूल ओढलं.

"काका, हे सकाळीच कळायला हवं होतं. मी तुमचा श्वास मोजला नव्हता. मनाने आकडा लिहिला."

काकांनी नजर छताकडे वळवली.

"पन्नास वर्षं कपडे शिवले मी," मग ते म्हणाले. "ओळखीचं गिऱ्हाईक असलं की मीही टेप लावायचो नाही. नजरेनंच माप घ्यायचो."

मला जरा हायसं वाटलं.

"पण सदरा घट्ट झाला तर उसवता येतो, पोरी," काका म्हणाले, आणि कुशीवर वळले.