थाप पडली की सोड

रिंगणात त्याला ‘मगर’ म्हणायचे. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळंच चालणाऱ्या त्या लढतींत मगरने एकदा धरलं की समोरच्याचं काही खरं नसायचं. सुटायची वाट एकच. अंगावर दोनदा थाप मारायची, म्हणजे हार कबूल. थाप पडली की मगर त्याच क्षणी सोडायचा. उस्तादांनी कानीकपाळी ओरडून शिकवलं होतं, “उशीर केलास तर बिचाऱ्याचा हात जाईल कामातून, गाढवा!” ते जे अंगात भिनलं, ते भिनलंच.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि मगर मेव्हण्याच्या सामान हलवायच्या धंद्यात लागला. ताकद होतीच हो! पण पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने कौतुकाने पाठ थोपटली, “वा, पैलवान!” मगरने फ्रीज सोडला. खाली मेव्हण्याचा पाय होता. मेव्हण्याने मग त्याच्या शर्टावर मागे छापून घेतलं, ‘पाठीला हात लावू नये’. झालं! जो तो वाचायचा आणि पाठीवर टकटक करून विचारायचा, “का हो?” त्या चौकशांपायी दोन टेबलं आणि एक शिलाई मशीन गेलं.

अशात लेकीला परगावी नोकरी लागली. तिला आईचं आरशाचं कपाट हवं होतं, आजीकडून आईला आलेलं. बायकोने निक्षून सांगितलं, “अहो, कपाटाला तुम्ही बोटसुद्धा लावायचं नाही.” मगरचं तोंड एवढंसं झालं. एकुलती एक लेक घर सोडून चाललीय आणि बापाने काय नुसत्या दोऱ्या गुंडाळायच्या? शेवटी लेकच म्हणाली, “कपाट बाबाच नेईल. नाहीतर मला नकोच.”

नव्या घराचा जिना मेला अरुंद. मेव्हणा वर, मगर खाली, आरसा मगरच्या तोंडासमोर. मागून बायको देवाचं नाव घेत येत होती आणि तिच्यामागे लेक. दुसऱ्या मजल्यावर मगरच्या पाठीशीच एक दार उघडलं आणि एक आजी बाहेर आल्या.

“अगं बाई, केवढं हे ओझं! दमलास का रे बाळा?”

आजींचा हात पुढे येताना मगरने आरशात पाहिला. “भावजी!” मेव्हणा किंचाळला. बायकोने डोळे गच्च मिटले. आजींनी थोपटलं, चांगलं दोनदा.

मगरची बोटं सैल पडायला लागली. तेवढ्यात त्याला आरशात लेक दिसली. नखं खात होती, लहानपणी त्याची लढत बघताना खायची तशीच. मगरने दातओठ खाऊन पकड आवळली.

“नाही आजी,” तो कसाबसा म्हणाला, “अजून दम आहे.”

कपाट ओरखडाही न पडता घरात लागलं. बायकोने पाण्याचा पहिला ग्लास त्यालाच दिला.

निघताना लेकीने बापाला मिठी मारली. थोड्या वेळाने तिने त्याच्या पाठीवर थोपटलं. “पुरे रे, बाबा.”

मगर सोडेना.

तिने पुन्हा थाप मारली. “अरे, श्वास तरी घेऊ दे! हरले मी!”

“पंच आल्याशिवाय मी सोडत नसतो,” मगर नाक ओढत म्हणाला. चक्क खोटं.

“अहो, लहान आहात का?” म्हणत बायको सोडवायला गेली आणि तीही त्यातच अडकली. मेव्हणा मात्र दारातूनच बघत राहिला. त्याचा पाय अजून दुखत होता.