कोमुसाच्या पायाखालचा वासा

मित्रांनो, मी ताडाचा एक जुना वासा आहे. बानी नदीकाठच्या जेने गावात, कादीच्या मातीच्या घराच्या भिंतीतून माझं टोक बाहेर आलेलं असे. नदी ओलांडून येणारे पाहुणे मला शोभेचा समजून फोटो काढत. पण पावसाआधी भिंत लिंपताना गवंड्याने पाय ठेवायची मी पायरी होतो.

मला बसवलं कोमुसा गवंड्याच्या वडिलांनी, आणि पुढे माझ्यावर उभा राहिला कोमुसा. आमच्याकडे प्रत्येक घराचा गवंडी ठरलेला. तो स्वतःच्या तोंडाने 'घर सोडलं' म्हणेपर्यंत दुसरा कोणी भिंतीला हात लावत नाही. चिखलात भाताचा कोंडा कालवून कोमुसा तळहाताने असा गिलावा चढवायचा की गल्ली बघत उभी राहायची. तेव्हा मला फार मोठेपणा वाटायचा.

मग कोमुसा म्हातारा झाला. मुलगा शहरात सिमेंटच्या कामाला गेला, तो गेलाच. भिंतीला भेगा पडल्या. वाळवीने मला आतून पोखरलं, वरून मात्र मी धडधाकट दिसत होतो. सांगणार कुणाला?

यंदा ढग जमले, तसा कोमुसा काठी टेकत आला.

"काका, बसा. चहा टाकते," कादी म्हणाली.

"चहाने भिंत लिंपतात का गं? चिखल कालव."

"आणि वर कोण चढणार?"

"मी नाही तर काय तुझी शेळी चढणार?"

कादी हसली. शेजारचा सेकू गवंडी दारातच उभा होता, पण म्हाताऱ्याला 'घर सोडा' म्हणायला तिची जीभ रेटेना. तिने शिडी धरली.

कोमुसा वर आला आणि त्याने एक पाय माझ्यावर ठेवला. मला जिवाच्या आकांताने ओरडायचं होतं. मी नुसता कुरकुरलो.

पाय थबकला. मग हळूच मागे गेला.

खाली उतरल्यावर त्याने कुणाकडेच पाहिलं नाही. "सेकू, घर सोडलं मी. आधी तो वासा काढ, कुजलाय."

"काका, तुम्ही नुसतं बसून सांगत राहा," सेकू म्हणाला.

"सांगायचं काय त्यात? तुला येतंय की."

आता मी कोमुसाच्या दाराशी आडवा पडलोय. माझ्यावर बसून तो गल्लीपलीकडची कादीची भिंत बघतो. काल मोठा पाऊस झाला. भिंत टिकली. "चांगलं केलंय पोराने," तो म्हणाला, आणि मग बराच वेळ रडला.

मित्रांनो, वर्षानुवर्षं मुकाट्याने तुमचा भार घेणाऱ्यांना अधूनमधून हात लावून बघत जा, मग तो वासा असो की म्हातारा. ते आपणहून काही सांगणार नाहीत. मला त्याच्याखाली नुसतं पडून राहता येतं. तुम्हाला तर हात आहेत.