बापाने कोरलेला शेवटचा ठसा

लुईस गावच्या टाकसाळीत वुल्फगार बावीस वर्षं राजाच्या चांदीच्या पेनी पाडत होता. नाण्याच्या एका अंगाला राजा, दुसऱ्या अंगाला पाडणाऱ्याचं नाव. खोट निघाली की नाव वाचायचं आणि त्याचं दार ठोठावायचं, इतका सरळ मामला.

त्या दिवशी चर्चच्या अंगणात राजाचा कारभारी एडनॉथ याने एक पेनी कापून दाखवली. आत निव्वळ तांबं, आणि वर नाव वुल्फगारचं.

ठसा त्याने लगेच ओळखला. नाणी पाडून झिजलेला लोखंडी ठसा मोडून टाकायचा, असा राजाचा नियम. पण हा बापाने मरण्याआधी कोरलेला शेवटचा ठसा. धाकटा भाऊ लिओफिंग गेल्या हिवाळ्यात म्हणाला होता, "दादा, मोडू नकोस रे. मला दे, बाबांची आठवण राहील." बापाचं नाव काढलं की वुल्फगार विरघळायचा. दिला काढून. शुद्ध गाढवपणा!

"ठसा लिओफिंगकडे आहे, विचारा त्याला," वुल्फगार म्हणाला.

लिओफिंगने संताच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवला. "देवाशपथ, मी तो पाहिलासुद्धा नाही." तो खरं बोलतोय अशी शपथ घ्यायला अकरा शेजारी उभे राहिले. वुल्फगारच्या बाजूला चिटपाखरू नाही.

"मग काय?" एडनॉथने विचारलं. "तापलं लोखंड उचलून देवाचा निकाल मागतोस, की खोट्या नाण्यापायी हात तोडून देतोस?"

वुल्फगारने हातोडा धरायचा हात लोखंडासाठी पुढे केला. तापलेलं लोखंड घेऊन तो नऊ पावलं चालला. पाद्रीबाबांनी भाजलेला हात पट्टीने बांधून वर मोहोर लावली. तीन दिवसांनी पू दिसला, तर हात तोडून टाकसाळीच्या दारावर ठोकायचा.

तिसऱ्या दिवशी पट्टी सुटली. जखम लाल होती, पण स्वच्छ.

"देवाने निकाल दिला," एडनॉथ म्हणाला. "आता लिओफिंगच्या घराची झडती घ्या."

लिओफिंग भावाच्या पायांवर कोसळला. "दादा, वाचव! मला तीन लेकरं. तुला ना मूल ना बाळ. म्हटलं, तुझं एका हाताने भागेल!"

म्हणजे आठवण मागताना याने कोणाचा हात जाणार हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. लोखंडाने जाळलं नव्हतं, इतकं ते वुल्फगारला जाळून गेलं.

"लेकरांना आजच माझ्या घरी धाडा," तो एडनॉथला म्हणाला. "त्यांनी हे बघायला नको."

आणि त्याने आपले पाय सोडवून घेतले.