मागच्या दारावरच्या दोन थापा

थोरलीला जुळी झाली त्या वर्षाची ही गोष्ट. नातवंडांचं तोंड बघायला आई राहिली नाही, हिवाळ्यातच गेली. बाबा एकटे पडले आणि त्यांच्या सोबतीला दारात उरली ती डिझेलवरची मोठी गाडी. आत बसायला तीन रांगा आणि पाठ हत्तीसारखी रुंद.

गाडी घेतली होती ती ओढायला. तिच्या मागे बाबा चाकांवरचं घर जोडायचे. एक खोली, दोन बाकं, एक शेगडी. घरात सगळे त्याला डबाच म्हणायचे. निवृत्त झाल्यापासून दोघं डबा घेऊन अर्धं वर्ष भटकत. गाडी बाबांनी चालवायची, बाकी सगळं आईकडे. हुक लावणं, दिव्यांची वायर खोचणं आणि मुक्कामाला पोचलं की डब्याचं पुढचं छोटं चाक टेकवून हुक सोडवणं. हुक सुटला की आई गाडीच्या मागच्या दारावर दोन थापा मारायची. थापा ऐकल्याशिवाय बाबा गाडी तसूभर हलवायचे नाहीत. एकदा ती थापा मारायची विसरून चहा टाकायला गेली, तर हे आपले गाडीत पेपर वाचत बसलेले.

"अहो, उतरा की! चहा थंड झाला."

"तू थापा कुठे मारल्यास?"

आई दवाखान्यात असताना डबा विकावा लागला. घेणाऱ्याने स्वतःच हुक सोडवला, आपल्या गाडीला जोडला आणि चालता झाला. बाबा तेव्हा गाडीत बसून होते.

आई गेल्यावर धाकटी बाबांकडे राहायला आली. ती वजनकाट्यावर कामाला होती. खडीचे, भंगाराचे ट्रक काट्यावर यायचे, ती आकडा वाचायची, पावती फाडायची. बाबांचं काहीतरी बिनसलंय, हे तिला पहिल्यांदा वळणावर कळलं. कोपरा आला की बाबा गाडी पार पलीकडे नेऊन मोठा वळसा घ्यायचे. उभी करताना मागे दुसऱ्या गाडीएवढी जागा सोडायचे. एकदा एक सायकलवाला थोडक्यात वाचला.

थोरलीचा नवरा गॅरेजवाला. तो म्हणाला, "मेहुणीबाई, किल्ली काढून घ्या. उद्या कुणाला उडवलं तर काय करणार?"

तिला ते पटत होतं. पण किल्ली काढून घेतली की बाबा खचतील, हेही दिसत होतं. गाडीशिवाय त्यांना आता होतं काय?

त्यात डिझेलचं कोडं. गाडी रिकामी असली की लिटरमागे अकरा किलोमीटर आणि डबा ओढत असली की सहा, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. आता डबा नव्हता, तरी गाडी सहाच देत होती. जावयाने फिल्टर बदलला, इंजेक्टर तपासले, ब्रेक चिकटत नाहीत ना तेही पाहिलं.

"बाबा, गाडी तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे. मग पिते कुठे एवढं?"

"मागे ओझं असल्यावर पिणारच," बाबा म्हणाले.

जावई हसला. धाकटीला हसू आलं नाही. आदल्याच दिवशी तिने स्वतः गाडी चालवली होती. चढाला इंजिन धापा टाकत होतं आणि उतारावर ब्रेक दाबला की मागून कुणीतरी हलकेच रेटत होतं. आरशात रिकामा रस्ता.

एका दुपारी काट्यावर ट्रक नव्हते. तिने बाबांना गाडी आणायला सांगितलं, काट्यावर उभी करून त्यांना खाली उतरवलं आणि केबिनमध्ये जाऊन आकडा पाहिला. कागदोपत्री वजनापेक्षा शंभर किलो जास्त. टाकी तर निम्मी होती. हे शंभर किलो तिच्या ओळखीचे होते. डब्याचा भार त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतो, गाडीच्या हुकावर टेकतं ते फक्त त्याचं नाक. त्या नाकाचंच हे वजन.

ती मागे गेली. गाडीची पाठ खाली बसली होती. डब्याचं नाक ज्यावर बसायचं तो हुकाचा लोखंडी गोळा उघडा होता. इतक्या महिन्यांत त्याला गंज चढायला हवा होता, पण तो लख्ख होता, रोज काहीतरी घासत असल्यासारखा.

"बाबा, काटा बिघडलाय वाटतं," ती म्हणाली.

"काट्याला कशाला बोल लावतेस? थापा कुणी मारल्याच नाहीत."

"मग मी मारू?"

बाबांनी हुकाच्या गोळ्यावरून बोट फिरवलं. "तुझ्या आईला सांभाळून वळवतो गं मी. धक्का बसू देत नाही."

"माहितेय बाबा. पण लोकांना नाही ना दिसत ती. त्या दिवशीचा सायकलवाला आठवतो ना?"

"आठवतो." त्यांनी मान हलवली. "मार. पण आधी मला जागेवर बसू दे."

ते गाडीत बसले आणि डावीकडचा आरसा नीट केला. आई त्याच बाजूला उभी राहायची. धाकटीचा हात दारापाशी अडला. वाटलं, मारूच नयेत. मग तिने मारल्या. एक. दोन.

पाठीवरचं पोतं उतरवावं तशी गाडी मागून वर उचलली गेली. केबिनमधला आकडा भरभर खाली येऊन थांबला. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही.

परतताना त्यांनी कोपरे अगदी नेटके घेतले. घरी पोचल्यावर मात्र स्वतः होऊन किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"आता हलकी झाली. चालव तू."

"आणि तुम्ही?"

"मी काय ओढू आता?"

पुढच्या टाकीला गाडीने लिटरमागे अकरा दिले. ते सांगायला ती पंपावरून घाईने घरी आली, तर बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते, पायांत बूट, मान एका बाजूला.

आई त्या वर्षीच्या हिवाळ्यात गेली. बाबा त्याच वर्षी, उन्हाळा संपता संपता, एका बुधवारी सकाळी गेले.