बत्तीसातली नऊ कार्डं

आमच्या धंद्यात खोटं बोलणाऱ्याचं फार दिवस चालत नाही, असं आमचे हे म्हणायचे. मी मात्र एकदा एका डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं. आता दुकान नाही. हेही शिडीवर चढत नाहीत, निदान मी घरात असताना तरी नाही. दुपारी डोळा लागत नाही, मग मी जुनं आठवत बसते. त्यात हटकून सावकाश येतो.

सावकाश हे काही त्याचं खरं नाव नव्हे. आम्ही कॅमेरे लावायचो, म्हणजे हे लावायचे आणि मी दुकान बघायचे, आणि कॅमेऱ्यात बसवायची कार्डं आम्ही त्याच्याकडून घ्यायचो. नखाएवढं कार्ड. कॅमेऱ्याला जे दिसतं ते त्यावर लिहिलं जातं. तीन-चार दिवसांत कार्ड भरतं, मग सगळ्यात जुनं पुसायचं आणि त्यावर नवं लिहायचं, असं ते वर्षानुवर्षं फिरत राहतं. कार्ड चांगलं असेल तर! वाईट कार्ड पहिल्यांदा भरलं की तिथंच अडकतं. आणि चावटपणा असा, की कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकतच असतो. घरमालक निर्धास्त. मग एक दिवस चोरी होते, मोठ्या आशेनं कार्ड उघडावं, तर त्यात दीड महिन्यापूर्वीची मांजर.

बाजारात असली कार्डं पैशाला पासरी. वर चौसष्ट जीबी लिहिलेलं आणि पोटात आठ. विकणारे सगळे एक तास तपासून देतात. एक तास कुठलंही कार्ड नव्या जावयासारखं वागतं.

सावकाशचं कार्ड अठरा वर्षांत एकदाही अडकलं नाही. पण ते मिळेपर्यंत जीव जायचा. कार्डं कधी देता, असं फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं: सावकाश, वहिनी, परवा देतो. त्याचा परवा आठव्या दिवशी उजाडायचा. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. मी फोनवरच त्याची हजेरी घ्यायचे आणि हे तारेचं वेटोळं सोडवत म्हणायचे, तुला कार्डाची घाई आहे का भांडणाची? आठव्या दिवशी तो स्वतः यायचा. प्रत्येक कार्ड कागदाच्या छोट्या पुडीत, पुडीचा एक कोपरा आत दुमडलेला. दारापाशी एक उंच स्टूल होतं, ते त्याचंच. त्यावर बसून तो रस्त्याकडं बघायचा आणि त्याचा चहा हमखास थंड व्हायचा. त्याची मुलं आणि आमची मुलं बरोबरीनं वाढली. एकाची पुस्तकं दुसऱ्याकडं, दुसऱ्याचा गोवर पहिल्याकडं. किती चांगले दिवस होते ते, आणि मी ते ओरडण्यात घालवले.

त्याचं कार्ड मी कधी तपासलं नाही. घरच्या माणसाचं काय तपासायचं?

मग सगळं फोनवर मागवायची पद्धत आली. मोठे विक्रेते आले. सावकाशची गिऱ्हाइकं एकेक करून गळली. आम्ही उरलो आणि आमच्यासारखे तीन-चार. आमच्याकडंही पाच-सहा महिने नवं काम नव्हतं, अशात आम्हाला प्रसूतिगृहाचं काम मिळालं. बत्तीस कॅमेरे, त्यातले सहा नुसत्या नवजात बाळांच्या खोलीत. सावकाश यांना म्हणाला, एवढी ऑर्डर झाली तर दुकान अजून दोन वर्षं ओढतो, नाहीतर कुलूपच लावायचं. हे म्हणाले, झालीच समज.

डॉक्टरीणबाई किडकिडीत होत्या, चष्म्यावरून बघायच्या. मागचे तीन दिवस केव्हाही मागितले तरी दिसले पाहिजेत, ही त्यांची अट. का, तेही त्यांनी सांगितलं. आदल्या वर्षी कुणी परकी बाई बाळांच्या खोलीत शिरून एक बाळ मांडीवर घेऊन बसली होती. बाळाला काही झालं नाही, पण ती केव्हा आली आणि कुठून आली हे कुणालाच सांगता आलं नाही. मग त्यांनी मला विचारलं, कार्डं तुम्ही स्वतः तपासता ना?

"एकूण एक," मी म्हणाले. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

घरी येईपर्यंत ते एकूण एक मला टोचायला लागलं होतं. ती मांडीवरच्या बाळाची गोष्ट डोक्यातून जाईना. शेवटी ठरवलं, बोललेय ना, तर मग खरं करून टाकू.

या खेपेला सावकाशनं कार्डं दीड दिवसात आणली. आणि पुड्या नाहीत, सगळी मिळून एका प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्या जागी शहाणी बाई असती तर तिथंच सावध झाली असती. मी वर आणि म्हणाले, सुधारलात हो भाऊजी. तो कसनुसं हसला आणि स्टुलावर न बसताच गेला.

नवे बत्तीस कॅमेरे दुकानात आलेलेच होते. मी ते जमिनीवर मांडले, प्रत्येकात कार्ड घातलं आणि चालू करून ठेवले. चार दिवस हे त्यांच्यामधून पाय उचलून उचलून चालत होते आणि माझा उद्धार करत होते. पाचव्या दिवशी मी एकेक कार्ड उघडून बघितलं. तेवीस नीट फिरत होती. नऊ अडकली होती, आणि बत्तीसच्या बत्तीस लाल दिवे लुकलुकत होते.

आधी राग आला, मग भीती वाटली, अठरा वर्षांत आपण असं किती घरांत काय काय बसवलं असेल म्हणून. हे म्हणाले, तू जा, मला त्याच्याशी भांडता येणार नाही. जसं काही मी भांडायचा मक्ताच घेतलाय.

त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. मी नऊ कार्डं त्याच्यापुढं ठेवली. वाटलं, चिडेल, माझ्या कॅमेऱ्यांना दोष देईल, निदान पुरावा तरी मागेल. त्यानं बोटानं कार्डं मोजली, पुन्हा मोजली आणि खाली बसला.

"दादा बहिणीकडं गेला ना, वहिनी," तो म्हणाला. "चार महिने झाले."

त्याला एक थोरला भाऊ आहे, एवढंच मला माहीत होतं. एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा, म्हणजे छापण्याआधी एकेक चूक शोधायचा, लग्न केलं नव्हतं, आणि छापखाना बंद पडल्यावर धाकट्याकडं राहायला आला होता. घरात रिकामा बसून खंतावेल म्हणून सावकाशनं त्याला पुढच्या खोलीत सहा कॅमेरे लावून दिले, खिडकीत ओळीनं, सगळे गल्लीकडं तोंड करून. म्हणाला, बघ जरा कार्डं चालतात का. त्याच्या मनात तासाभराचं काम होतं. पण दादा पडला मुद्रितं वाचणारा. तो कार्ड तीन-चार दिवस चालवायचा, भरलं की पुन्हा चालवायचा, मग पडद्यावर सगळं पळवत बघायचा. एक मिनिट गाळलेलं दिसलं तरी कार्ड बाजूला. चांगलं ठरलं की पुडी, आणि पुडीचा कोपरा आत. सावकाश त्याच्यावर चिडायचा, गिऱ्हाईक ओरडतंय म्हणायचा. ओरडणारं गिऱ्हाईक म्हणजे कोण, ते सांगायला नकोच.

म्हणजे अठरा वर्षं आम्ही ज्याला सावकाश म्हणत होतो, तो हा नव्हताच.

चार महिन्यांपूर्वी मुलाचं लग्न झालं. नव्या जोडप्याला खोली हवी होती. घरात कुणी वाकडं बोललं नाही, पण सगळ्यांचे डोळे पुढच्या खोलीकडं वळायला लागले. दादानं आपणच ट्रंक भरली. सहा कॅमेरे माळ्यावर गेले. मग सावकाश इतरांसारखंच एक तास कार्ड तपासून देऊ लागला.

"मी त्याला कामाला लावलंय असं मला वाटायचं," तो म्हणाला. "त्यानंच मला पोसलं, वहिनी."

भांडायला गेलेली मी, तिथं बसून राहिले. मग म्हणाले, उठा भाऊजी, आणायला जाऊ त्यांना. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही बस पकडली. तीन तासांचा रस्ता. वाटेत तो मला, न विचारता, दुसरा माल कुणाकडून घ्यायचा ते सांगत होता. पुलाखाली एक बाई आहे, तिच्याकडून घ्या. तोंडाची फटकळ आहे, पण खराब कार्ड परत घेताना कपाळाला आठी घालत नाही. पहिल्या दिवशीच मुद्दाम एक कार्ड परत करून बघायचं, माणूस तिथंच कळतो. मी म्हटलं, गप्प बसा, दादा येतायत आपल्याबरोबर. त्यानं नुसती मान हलवली. मला वाटलं हो म्हणाला.

मला शेवट राखून ठेवता येत नाही, म्हणून सांगून टाकते. ती ऑर्डर सावकाशला पुरी मिळाली नाही. मी तेवीस चांगल्या कार्डांवर नऊ त्या पुलाखालच्या बाईकडून घेतली, चार दिवस जमिनीवर मांडून. प्रसूतिगृहातलं एकही कार्ड पुढं अडकलं नाही. वर्षाच्या आत जिन्याखालच्या दुकानाला कुलूप लागलं आणि स्टूल आमच्या दुकानात तसंच राहिलं. पण त्या दुपारी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

बहिणीचं घर छोटंसं होतं. दादा मागच्या दाराशी पायरीवर बसून मटार सोलत होते. उंच, वाळलेले, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. बहीण आमच्यासाठी पाणी ठेवून आत गेली. सावकाशनं नऊ कार्डं पुढं केली. दादांनी ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, सगळी एकाच खोक्यातली असणार. मग माझ्याकडं वळले. बाळांच्या खोलीचं काम म्हटल्यावर त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. कार्ड भरू द्यायचं. भरल्यावर पहिलं आणि शेवटचं बघून खूश व्हायचं नाही, मधलं बघायचं. सुरुवातीला सगळेच सावध असतात, शेवटी पुन्हा सावध होतात, चुका मध्येच राहतात. छापखान्यात तेच, इथंही तेच.

"चल दादा," सावकाश म्हणाला. "पुढची खोली रिकामी करतो. कॅमेरे आजच लावू."

"आणि पोरं कुठं झोपतील?"

दादांनी आणखी दोन शेंगा सोलल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"इथं बरा आहे मी. नात रोज शाळेतून आली की दिवसभराचं सगळं सांगते, आणि मग मला विचारते, आजोबा, तुम्ही काय बघितलं?" त्यांनी पातेलं बाजूला ठेवलं. "अठरा वर्षं मी तुझ्या खिडकीत बसून बघत होतो, धाकट्या. कार्ड चाललं का, ते तू रोज विचारायचास. काय दिसलं, ते एकदाही विचारलं नाहीस."

माझी मान खाली गेली. मी तर त्या माणसाचं नावसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

परतीची शेवटची बस दुपारचीच, तिला वीस मिनिटं उरली होती. सावकाशनं खांद्यावरची पिशवी भिंतीला टेकवली आणि पायरीवर भावाच्या शेजारी बसला.

"काय दिसलं?"

दादांनी क्षणभर त्याच्याकडं बघितलं, खरंच विचारतोय का ते बघावं तसं. मग सांगायला लागले. समोरच्या शिंपिणीनं दारात झाड लावलं ते. त्याची सावली किती वर्षांनी आपल्या पायरीपर्यंत आली ते. सावकाशची बायको रोज त्याच्या मागून दारात यायची आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत आत जायची नाही ते.

"तिनं मला कधी सांगितलं नाही," सावकाश म्हणाला.

"तू कधी मागं बघितलं नाहीस. आणि तुझ्या मोठ्याचा शाळेचा पहिला दिवस. त्याला सोडून तू हसत हसत परत आलास. कोपऱ्यावरच्या खांबापाशी थांबलास, आणि खांबाला टेकून रडलास. चार मिनिटं. मी ते दोनदा बघितलं."

सावकाशचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "ते कार्ड कुठंय?"

"पुसलं. विकायचं होतं ना."

"सगळीच?"

"पुसल्याशिवाय कुणी घेतलं असतं का? यांच्याच दुकानात गेली असतील त्यातली बरीचशी."

मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही. मोठ्या रस्त्यावर बस थांबल्याचा आणि सुटल्याचा आवाज आला. आमच्यापैकी कुणी उठलं नाही. सावकाशनं चपला काढून बाजूला ठेवल्या, मटारचं पातेलं आपल्या मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "झाड लावलं तिथपासून सांग."